टेपवर नसलेला सूर

माझ्याकडे एक कॅसेट आहे. तिच्यात माझ्या काकांची सनई आहे, अकरा मिनिटं. ऐकणारे विचारतात, त्या काळात, लग्नघरी, साध्या मशीनवर इतका स्वच्छ आवाज कसा मिळवलात? पूर्वी मी हुरळून जाऊन सगळं सांगत बसायचो. माइक कुठं धरला, संबळावर टॉवेल कसा टाकला, वारा कसा अडवला. आता कोणी विचारलं की 'जमून गेलं' म्हणतो आणि चहाचं बघतो. ती कॅसेट मी स्वतः कित्येक वर्षांत शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

आमचं घर वाजंत्र्यांचं. मिरजगावपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि गावच्या व आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या लग्नांत वाजवायला आमचीच माणसं. माणसं म्हणजे तीन. काका सनई वाजवायचे, शेजारच्या घरातले एक मामा संबळ वाजवायचे आणि माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते सूर धरायचे.

सूर म्हणजे सनईसारखंच दिसणारं वाद्य, पण त्यातून एकच स्वर काढायचा आणि तो लावून धरायचा. सनई वरखाली भटकून येते, तिला परत येण्याचं ठिकाण म्हणजे सूर. गाल फुगवून त्यात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि काही झालं तरी स्वर तुटू द्यायचा नाही. हळदीपासून वरात निघेपर्यंत आबा तो एकच स्वर धरून असत. काका थोरले की धाकटे असं लोक विचारत, कारण मान काकांना मिळायचा, टोपी-उपरणं काकांना मिळायचं. खरं तर आबा थोरले. काका त्यांना दादा म्हणत. पण सूर धरणाऱ्याकडे बघतो कोण? शाळेत पोरं मला विचारायची, "तुझा बाप काय वाजवतो?" आणि मी उत्तर द्यायच्या आत आपणच गाल फुगवून 'पूंऽऽ' करायची. मीही हसायचो. त्या वयात हसण्याखेरीज दुसरा उपाय मला माहीत नव्हता.

मलाही सूर शिकवायचा प्रयत्न झाला होता. मी बारा वर्षांचा असताना आबांनी तो माझ्या तोंडात दिला. मी डोळे पांढरे होईपर्यंत फुंकला, पण अर्ध्या मिनिटाच्या आत स्वर तुटला, आणि जो निघाला तोही भलतीकडेच गेला. काका म्हणाले, "ह्याला छाती बी न्हाई आन् कान बी न्हाई. ह्यो साळंतच बरा." आबांना वाईट वाटलं असेल, पण त्यांनी लगेच गंमत केली. "चला, मास्तर झाला आमचा," म्हणाले. तेव्हापासून ते मला मास्तरच म्हणायचे. पुढे खरोखरच मास्तर होऊन मी अकोले तालुक्यातल्या एका हायस्कुलात लागलो. भाताचा, पावसाचा मुलूख. तिथून आमच्या कोरड्या गावी यायचं तर एसटी बदलत अख्खा दिवस जायचा.

एका दिवाळीत घरी गेलो, तर काका कोणाशी बोलत नव्हते. फराळाचं ताटही त्यांनी बाजूला सारलेलं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि वरचा पुढचा दात जिभेने हलवून दाखवला. शेजारचाही हलत होता.

"दात गेला की पत्ती व्हटात ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. पत्ती म्हणजे सनईच्या टोकाला असते ती ताडाच्या पानाची चिमुकली जीभ, जी ओठांत धरून फुंकायची. "मंग सनई चुलीत घालायची आन् त्यावर च्या करायचा."

हे ते हसून म्हणाले, पण घरात कोणी हसलं नाही. आबा भिंतीकडे तोंड करून आपल्या सुराची पत्ती तोंडात भिजवत बसले. मला त्या क्षणी एकच गोष्ट कळली, की वर्षा-दोन वर्षांत हा आवाज जाणार आहे आणि तो कुठंतरी धरून ठेवला पाहिजे. हे माझ्याशिवाय घरात दुसऱ्या कोणाला जमण्यासारखं नव्हतं.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे परदेशातून आलेला एक कॅसेट रेकॉर्डर होता. बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या मेहुण्याने आणलेला. एखाद्या जाड पुस्तकाएवढा, पोटात चार सेल, आणि वायरला टांगलेला बोटभर माइक. सर माणूस चांगले, पण मशीनच्या बाबतीत सोवळ्यातले. ते मला देण्याआधी त्यांनी तासभर शिकवणी घेतली. माइक हातात हलवायचा नाही, हात घासला तरी खरखर येते. वारा माइकच्या तोंडावर येऊ द्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे हे मशीन आवाज स्वतःच कमी-जास्त करतं, म्हणून जवळ काही मोठं वाजलं तर बाकीचं सगळं खाली दाबून टाकतं. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातल्या एका लग्नात मी ते मशीन मांडीवर घेऊन वऱ्हाडात बसलो. घरचा म्हणून नव्हे, ऐकणाऱ्यांतला एक म्हणून. खरं सांगायचं तर वाजंत्र्यांच्या ओळीत जाऊन बसायला मला आता संकोच वाटत होता. पँट-शर्ट, मनगटाला घड्याळ, मांडीवर परदेशी मशीन. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते मला त्या दिवशी चांगलंच शोभत होतं.

शाळा उघडल्यावर सरांच्या खोलीत आम्ही ती कॅसेट ऐकली. लग्न सगळं आलं होतं. "पानी आना रं तिकडं", लहान मुलाचं रडणं, कोणाचं तरी खोकणं. सनई कुठंतरी मागे, विहिरीत पडल्यासारखी. आणि या सगळ्याच्या वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक सलग 'घूंऽऽ'. वऱ्हाडात बसलो तरी मी सूर धरणाऱ्याच्याच अंगाला बसलो होतो ना!

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मशीन उलटसुलट करून बघितलं. "हा हम कुठून आला? ही मागची घूंघूं?" म्हणाले. "मोटरचा दिसतोय. की शेजारी पंखा-बिंखा चालू होता?"

आमच्या भागात तेव्हा मांडवात पंखा कुठला? वीजच अर्ध्या गावात नव्हती. मला सांगता आलं असतं, की सर, तो पंखा नाही, ते माझे वडील आहेत. दोन शब्दांचं काम होतं. पण सर वरच्या आळीतले, त्यांच्या घरात पेटी-तबला, आणि मी त्यांना वडील शेती करतात असं मोघम सांगून ठेवलेलं.

"मशीनचाच असेल सर," मी म्हणालो.

"मग पुढच्या वेळी आधी तो बंद करा. ही कॅसेट काही कामाची नाही, हिच्यावरच परत घ्या."

मी मान डोलावली. हे सगळं आज लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा मला वाटली ती फक्त सुटका.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. आमच्याकडच्या विहिरींनी तळ दाखवला, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. लग्नं झाली ती दहा-वीस माणसांत. ज्यांनी एरवी शहरातून बँड आणला असता, त्यांनीही गपचूप आमच्याच माणसांना सांगावा धाडला. त्र्याहत्तरच्या मेमध्ये काष्टीला असंच एक लग्न होतं. काकांचा एक दात पडला होता, दुसरा दोऱ्याला लटकल्यासारखा. ते ओठाच्या एका कोपऱ्यात पत्ती धरून वाजवत होते. हे शेवटचं, असं त्यांनी न सांगता सगळ्यांना समजलं होतं.

दुपारी जेवणं उरकली. वऱ्हाड लिंबाखाली आडवं झालं. गर्दी नाही, वाराही बेताचाच. मी काकांना म्हणालो, आत्ता वाजवा, नुसतं मशीनसाठी. काका तयार झाले. मी छत्रीच्या दांडीला माइक बांधून ती जमिनीत रोवली, काकांपासून दोन हातांवर. वारा अडवायला मागे घोंगडी टांगली. मामांच्या संबळावर टॉवेल टाकला, त्यांनी तोंड वाकडं केलं पण चालवून घेतलं. थोडं टेप करायचं, मागे फिरवायचं, ऐकायचं. सगळं छान, पण ते 'घूंऽऽ' होतंच.

आबांना मी जरा मागे बसायला सांगितलं. ते उठून दहा पावलं मागे गेले. तरी येत होतं. मग बैलगाडीच्या पलीकडे. तरी येत होतं. मग भिंतीच्या आड. प्रत्येक वेळी आबा आपलं फडकं उचलायचे, झटकायचे, पुढच्या जागी पसरून बसायचे आणि पुन्हा गाल फुगवायचे. उन्हातून फिरणाऱ्या त्या माणसाकडे मी बघतही नव्हतो, माझं लक्ष मशीनवर. इकडे काका वाजवता वाजवता थांबले. "दादा कुठं गेला? सूर येईना मला."

मग मी भिंतीमागे गेलो आणि म्हणालो, "आबा, तुम्ही थोडा वेळ थांबता का? नुसती काकांची सनई घेऊ. आवाज स्वच्छ येईल."

आबांनी सूर तोंडातून काढला. धोतराच्या सोग्याने पत्ती पुसली. "व्हय व्हय," म्हणाले. "चांगलं यायला पायजे. घे की."

एवढंच. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो.

पण काकांना सुराशिवाय सुरुवातच करता येईना. तीनदा उचललं, तीनदा सोडलं. "न्हाई जमायचं," म्हणाले. तेव्हा आबा उठले, आपलं फडकं काकांच्या समोर, माइकच्या पाठीमागे पसरून बसले, आणि त्यांनी सूर ओठांना लावला. मी घाईने हात वर केला. त्यांनी मला नजरेनेच गप्प केलं. मग त्यांनी गाल फुगवले, बोटं भोकांवर ठेवली, नाकाने श्वास घेतला, आणि वाजवलं नाही. नुसते तसेच बसून राहिले, जणू सूर चालू आहे. काकांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि सनई सुरू झाली.

अकरा मिनिटं काका आपल्या भावाच्या गालांकडे बघून वाजवत होते. आबांच्या कपाळावरून घाम निथळत होता, गळ्याच्या शिरा टरारून आल्या होत्या. फुंक आत धरून ठेवायला वाजवण्यापेक्षा जास्त छाती लागते, हे मला त्यांनी नंतर सांगितलं, तेही पाणी पिता पिता, सहज. माइकला त्यातलं काही ऐकू आलं नाही. आणि खाली, त्याच फितीवर, आदल्या वर्षीचं 'घूंऽऽ' पुसलं जात होतं. ते माझ्या मनातही आलं नाही.

सरांनी जूनमध्ये कॅसेट ऐकली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "हम गेला की! काय केलंत?"

"काढला," मी म्हणालो.

त्या दिवाळीपर्यंत काकांचे पुढचे दात गेले. सनई खुंटीला लागली. आणि सनई बंद म्हणजे सूरही बंद, कारण सूर एकटा कोणी वाजवत नाही. नुसता सूर कोण बोलावणार? आबा मात्र रोज सकाळी पत्ती भिजवायचे, चार फुंका मारून बघायचे आणि ठेवून द्यायचे. शेजारच्या तालुक्यातला एक सनईवाला त्यांना आपल्याकडे सूर धरायला बोलावत होता. आबा बघू म्हणत होते.

चौऱ्याहत्तरच्या मेमध्ये मी मशीन घेऊन गावी गेलो. काका तेव्हा लेकीकडे गेलेले. सकाळपासून मी आळीत सगळ्यांना कॅसेट ऐकवत होतो. हा आला, त्याला ऐकवली. ती आली, तिला ऐकवली. मशीनमधून सनई येते म्हणून बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या, आणि मी आपला पुन्हा मागे फिरवून पुन्हा लावत होतो. मिरवायची हौस भारी. आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. दुपारी माणसं पांगल्यावर ते म्हणाले, "मास्तर, आता माज्यासाठी लाव एकदा."

मी लावली. त्यांनी खुंटीवरचा सूर काढला, पत्ती भिजवली आणि टेपमधल्या सनईला सूर धरला.

वर्षभराने ते दोघं पुन्हा एकत्र वाजवत होते. हे टेप करायला हवं, असं मनात आलं, आणि हसू आलं, कारण मशीन एकच, आणि ते तर सनई वाजवण्यात गुंतलेलं. मग म्हटलं, नुसतं ऐकू या.

पण आबा थांबले. पत्ती काढून बघितली, पुन्हा बसवली. पुन्हा धरला, पुन्हा थांबले. पत्ती बदलली. नवी भिजवली. कपाळावर आठी आली. सनई चालू होती आणि ते तिच्यामागे धावत होते, आणि त्यांना ती सापडत नव्हती. मला यातलं काही कळत नव्हतं. कानच नाही ना मला! स्वच्छ आवाज कसा धरायचा ते मी वहीत लिहून घेतलं होतं, पण सूर लागला की नाही हे सांगायची माझी लायकी नव्हती.

शेवटी त्यांनी सूर मांडीवर ठेवला.

"माजा सूर चढतुया रं," ते म्हणाले. "सनई हाय तिथंच हाय, मीच वर जातुया. वरीसभर वाजिवलं न्हाई, गेला सूर."

"मशीनचंच काही असेल आबा," मी म्हणालो. अगदी सहज, तोंडदेखलं.

"मशीन कसं चुकंल?" आबा म्हणाले. "त्ये हुतं तसंच बोलनार. मानूस चुकतो."

सुट्टी संपवून मी परत गेलो. सरांनी मशीन लावून बघितलं आणि लगेच म्हणाले, "अहो, सेल पार उतरलेत. टेप हळू फिरतेय, सनईची पट्टी केवढी खाली आलीय. असंच ऐकवलंत की काय लोकांना?"

आबांचा सूर जागच्या जागी होता. घसरली होती ती टेप, आणि ती घसरली माझ्या मिरवण्यापायी. सकाळपासून आळीला ऐकवून ऐकवून मी सेल संपवले होते.

त्याच संध्याकाळी पत्र टाकायला हवं होतं. कार्ड घेतलंही. पण आबांना वाचता येत नव्हतं. पोस्टमन पारावर बसून मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि चार माणसांत 'मशीनचे सेल उतरले होते, चूक माझी' हे वाचलं जाईल, या विचाराने मी कार्ड वहीत ठेवलं. दिवाळीला जाणारच आहोत, तेव्हा समोर बसून सांगू, नवे सेल टाकून दाखवू. सेल आणूनही ठेवले. आबा दसऱ्याच्या आधीच गेले, दोन दिवसांच्या तापाने.

दहाव्याच्या दिवशी काका माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी खुंटीवरचा सूर काढून माझ्या हातात दिला. पत्ती फडक्यात घट्ट गुंडाळलेली होती. "तुज्या त्या मशीनच्या दिवसापासनं त्यानं तोंडाला लावला न्हाई," ते म्हणाले. "त्यो सनईवाला दोनदा न्यायला आल्ता. दादा म्हनला, माजा सूर आता चढतो, कुनाच्या शुभकार्यात कशाला खोट?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सेल उतरले होते, टेप हळू फिरत होती, सनईच खाली आली होती. आबा बरोबर होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होते. सांगता सांगता मला रडू आलं.

काकांनी माझ्या हातातल्या सुरावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "ह्ये त्याला सांगायचं हुतंस, मास्तर."

मला मास्तर फक्त आबा म्हणायचे. काकांनी म्हणायची ती पहिलीच वेळ.